कुटुंबप्रमुखाच्या नावावर

सोयाबीन काढायला आलं आणि पावसानं नेमका तेव्हाच मुक्काम ठोकला. बोरखडीच्या रानात शेंगा झाडावरच कोंब धरायला लागल्या, कापलेल्या ढिगांवर ताडपत्र्या ओढून ओढून माणसांचे खांदे भरून आले, आणि जो तो दुसऱ्यावर खेकसायला लागला. अशा दिवसांत गावच्या वाचनालयात एक बाई कॉम्प्युटरसमोर बसून दोन बोटांनी नावं भरते आहे, याचं कुणाला काय पडलेलं असणार? पण त्याच बाईनं पुढच्या पंधरा दिवसांत अर्ध्या गावाला घाम फोडला, म्हणून हे सांगायचं.

यास्मिन नद्दाफ तिचं नाव. वय सत्तेचाळीस, वाचनालयात एकोणीस वर्षं. नवरा खाजामियाँ गाद्या भरायचा. अंगणात कापूस पिंजायचं मशीन, त्याच्या धुरळ्यानं त्याला कायमचा खोकला. यास्मिन सकाळी गाद्यांच्या खोळी शिवायची, दाभणानं टाके घालायची आणि अकराच्या सुमाराला केसांतला कापूस झटकून वाचनालयाचं कुलूप काढायची. त्यात दीड एकर सोयाबीन होतंच. तिच्या उजव्या अंगठ्याला दाभणाचा घट्टा होता, आणि तो माऊसवर नीट बसायचा नाही. बाण एकीकडं न्यावा तर दुसरीकडंच पळायचा.

वाचनालय काढणाऱ्या शहाण्या माणसांनी फार पूर्वी एक नियम करून ठेवला होता. घरटी एक सभासद, आणि तो कुटुंबप्रमुख. त्यामुळं वहीत सगळे बाप्ये. हे बाप्ये वाचनालयात यायचे ते पेपर चाळायला, नाहीतर येरमाळ्याकडच्या एसटीची वाट बघत पंख्याखाली बसायला. पुस्तकं वाचायच्या त्यांच्या बायका. त्या वाचनालयाची पायरी चढत नव्हत्या, कारण पायरी हायवेला होती आणि पायरीवर सदानकदा चार माणसं तंबाखू मळत बसलेली असत. मग यास्मिननंच वाट काढली. खोळीची मापं घ्यायला, गाद्या पोचवायला ती घरोघर जायचीच. जाताना नव्या खोळीत दोन पुस्तकं, येताना जुन्या खोळीत दोन पुस्तकं. वाचनालयात आल्यावर ती प्रामाणिकपणे नोंद करायची, पुस्तकाचा नंबर, तारीख आणि सभासदाचं नाव. सभासद म्हणजे अर्थातच बाईचा नवरा. एकोणीस वर्षांत तिनं एकही खोटं पुस्तक लिहिलं नव्हतं, फक्त वाचणाऱ्याचं नाव तेवढं दरवेळी चुकीचं होतं.

यंदा वरून हुकूम आला की वह्या बंद, सगळं वेबवर. मागच्या तीन वर्षांची देवघेव भरायची, सध्या बाहेर असलेली पुस्तकं भरायची, आणि तपासणीला येणारे साहेब वही उघडणारच नाहीत, फक्त पडदा बघतील. पडद्यावर वाचक दिसले तर वाचनालयाची मान्यता राहील, नाहीतर जाईल. मान्यता गेली की खोली मोकळी. ती मोकळी होण्याची वाट बघणारा माणूस परका नव्हता. वाचनालयाचा अध्यक्ष सिद्धलिंग, खतांचा दुकानदार, त्याला हायवेकडं तोंड असलेल्या त्या खोलीत हॉटेल टाकायचं होतं. येडेश्वरी देवीच्या दर्शनाला जाणारी माणसं तिथं चहाला थांबतील, असा त्याचा हिशेब.

धाराशिवला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. शिकवणारी पोरगी यास्मिनच्या लेकीएवढी, बोलायची भरभर, आणि पडद्यावरचं पान उलटायच्या आत पुढच्यावर जायची. यास्मिननं दोनदा हात वर करून परत विचारलं, तेव्हा मागच्या बाकावरचे दोघं हसले. तिनं तिसऱ्यांदाही हात वर केला. ती पोरगी एक गोष्ट मात्र सावकाश बोलली. जिथं आधीपासून बरोबरची खूण आहे, तिथं हात लावायचा नाही. यास्मिननं ते वहीत लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

मग वीस दिवस तिनं स्वतःला पिंजून काढलं. पहाटे रानात शेंगा उलथायच्या, सकाळी टाके, अकरा ते सहा कॉम्प्युटर. लाइट जायची, नेटवर्क जायचं, अर्धं भरलेलं पान पुसलं जायचं. तिची मान आखडली, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. सासू जमिलाबी संध्याकाळी तिच्या मानेला तेल चोळताना म्हणायची की कापूस बरा बाई, निदान हाताला तरी लागतो. तरी यास्मिननं एकशे त्रेचाळीस सभासद आणि तीन वर्षांची पुस्तकं आत घातली. शेवटी राहिली सध्या बाहेर असलेली एकसष्ट पुस्तकं. त्या पानावर खाली एक चौकोन होता, 'वाचकास संदेश जाईल', आणि त्यात बरोबरची खूण. तिनं ते वाचलं, वहीतल्या दोन रेघा बघितल्या आणि सांगितल्याप्रमाणं हात लावला नाही.

दुपारी तीनला गावात मोबाईल वाजायला लागले. कुणी मळणी यंत्रावर होता, कुणी टपरीवर. व्यंकट जेसीबीवर बसला होता. सोबतच्या ड्रायव्हरनं त्याचा मोबाईल घेऊन मोठ्यानं वाचलं, की आदरणीय वाचक व्यंकट, आपण घेतलेले 'बाळंतिणीचा आहारविहार' हे पुस्तक सात दिवसांत जमा करावे. तिथं जी हसाहशी झाली ती चहाच्या टपरीपर्यंत पोचली. चार वाजता व्यंकट आणि आणखी वीस-एकवीस माणसं चिखलाच्या पायांनी वाचनालयात घुसली. प्रत्येकाचं एकच म्हणणं, आम्ही जन्मात पुस्तक घेतलं नाही, तुम्ही आमच्या नावावर काय लावलंय.

सिद्धलिंग पाठोपाठ आलाच. त्याचा स्वतःचा मोबाईल दिवसभर खतांच्या आणि औषधांच्या संदेशांनी भरून वाहायचा, त्यामुळं वाचनालयाचा संदेश त्यालाही आला होता हे त्याला ठाऊकच नव्हतं. यास्मिनला ठाऊक होतं. त्यानं तिला खुर्चीवरून उठवलं, सगळ्यांसमोर उभं केलं आणि एकेकाचं नाव वाचायला लावलं. नाव वाचलं की तो माणूस म्हणायचा, न्हाय घेतलं. बावीस वेळा असं झालं. एकोणीस वर्षांची नोकरी, आणि चोरी करताना पकडलेल्या पोरीसारखं तिला आपल्याच टेबलाशी उभं राहावं लागलं. रागानं तिचे कान तापले होते.

"बोगस नोंदी हैत ह्या," सिद्धलिंग म्हणाला. "सोमवारी तपासणीच्या साहेबाला म्या लेखी देणार. अन् आत्ताच्या आत्ता ह्यांची नावं काढून टाक."

यास्मिन बसली. व्यंकटचं पान उघडलं, नाव काढायचं बटण दाबलं. पडद्यावर लाल अक्षरं आली. तिनं ती दोनदा वाचली आणि मग तिचा आवाज सरळ झाला.

"निघत न्हाय नाव. पुस्तक जमा झाल्याबिगर नाव निघत न्हाय, असं लिहिलंय हितं. आधी पुस्तक आणा."

"आरं पन पुस्तक हायच कुठं घरात?" व्यंकट ओरडला.

"बघा तर जाऊन," ती म्हणाली.

आता बावीस बाप्ये आपापल्या घरात पुस्तक शोधायला गेले. जन्मात ज्यांनी पाण्याचा तांब्या आपल्या हातानं भरून घेतला नाही, त्यांनी त्या दिवशी पिठाचे डबे उघडले, गोधड्यांच्या घड्या मोडल्या, माळ्यावर हात घातले. आणि पुस्तकं सापडली. व्यंकटला त्याचं पुस्तक सापडलं ते खाजामियाँनंच भरलेल्या गादीखाली. दुसऱ्या दिवशी त्यानं ते टेबलावर आपटलं. पानांना हळदीची बोटं लागलेली, मध्ये खुणेला पिवळा धागा. यास्मिननं पानं मोजली, 'जमा' दाबलं आणि विचारलं की घरात पुस्तकच नव्हतं ना, मग हे आलं कुठनं? व्यंकट नाव काढून घ्यायचंही विसरून तसाच वळला. पण जाताना रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाला की गाद्या भरायच्या आडून बायका बिघडवायचा धंदा चाललाय.

हे बोलणं खाजामियाँच्या धंद्याला भोवलं. दिवाळीआधीचा हंगाम, आणि दोन दिवसांत सात घरांनी दिलेला कापूस परत नेला. व्यंकटनं तर अर्धी भरलेली गादी तशीच टाक्यांसकट उचलली. त्यातला कापूस रस्ताभर सांडत गेला आणि पावसानं चिखलात बसला. खाजामियाँ मशीन बंद करून ओट्यावर बसून राहिला. तो भांडखोर माणूस नव्हता. त्यानं हळूच सुचवलं की चुकून झालं म्हणून लिहून दे, चार शिव्या खाऊ, माणसं विसरतील.

"काय चुकलं माझं?" यास्मिन म्हणाली. "आजपर्यंत ज्यानं जे सांगितलं ते म्या केलं. नियम कुणी केला, खूण कुणी केली, आन् लिहून म्या देऊ? न्हाय द्यायची. पुस्तकं वाचलेली हैत, खाजामियाँ. एकूण एक."

नवऱ्याला ती कधी नावानं हाक मारत नसे. त्या दिवशी मारली. आत जमिलाबी तांदूळ निवडत होती, तिनं मान वर केली आणि परत खाली घातली. खाजामियाँ उठला, मशीन सुरू केलं आणि घरातल्याच जुन्या गाद्या उसवून पिंजायला घेतल्या. हात रिकामे ठेवण्यापेक्षा ते बरं.

तिसऱ्या दिवशी व्यंकटची बायको कमलबाई वाचनालयाची पायरी चढली. तंबाखू मळणारे बाजूला सरकले नाहीत, तेव्हा तिनं पदर खोचला आणि त्यांच्या मांड्यांमधून पाय टाकत आत आली. तिची सून आठव्या महिन्यात होती आणि पुस्तकाचा निम्मा भाग राहिला होता. ते पुस्तक परत द्या, पण या खेपेला माझ्या नावावर, असं तिचं म्हणणं. यास्मिननं नवा सभासद उघडला. घरात मोबाईल एकच, व्यंकटचा. पडदा म्हणाला की हा क्रमांक आधीच नोंदवलेला आहे. कमलबाई तिथंच बाकावर बसली आणि म्हणाली की मी थांबते, तुम्ही बघा कसं होतंय ते.

यास्मिननं प्रशिक्षणाच्या वहीतली पानं चाळली, त्यात काही सापडेना. मग तिनं खूण असलेल्या नसलेल्या सगळ्या चौकोनांना हात लावायला सुरुवात केली. एक पान उघडायचं, वाचायचं, मागं यायचं. तास-दीड तासानं सभासदाच्या पानावर अगदी तळाशी 'नाव दुरुस्ती' सापडली. खात्री करायला तिनं धाराशिवच्या त्या पोरीला फोन लावला. पोरीनं सांगितलं की होय, कुटुंबातल्या दुसऱ्या माणसाचं नाव लावता येतं, जुन्या सगळ्या पुस्तकांची नोंद त्याच्या नावावर जाते. फक्त नोंदवलेल्या मोबाईलवर सहा आकडे येतात, ते भरल्याशिवाय नाव बदलत नाही. म्हणजे नवऱ्यानं ते आकडे सांगितले पाहिजेत. कमलबाई हे ऐकून उठली, पुस्तक पदराखाली न घेता हातात घेतलं आणि म्हणाली, "सांगतंय कसं न्हाय ते बघते."

यास्मिनला मात्र रविवारी आणखी एका दारात जायचं होतं. सिद्धलिंगची बायको शिवकांता पडवीत बसून सुपातलं कोंब आलेलं सोयाबीन वेगळं करत होती. धनी दुकानात होते. यास्मिन खोळ न घेता, मापाची पट्टी न घेता गेली होती, त्यामुळं शिवकांतानं लगेच ओळखलं आणि सूप बाजूला ठेवलं.

"अक्का, अण्णांच्या नावावर तुमी तीन वर्षांत एकशे अठरा पुस्तकं वाचलीत," यास्मिन म्हणाली. "उद्या अण्णा साहेबाला लिहून देणार की नोंदी बोगस हैत. म्या तोंड उघडलं तर तुमचं नाव निघतंय. न्हाय उघडलं तर वाचनालय जातंय. तुमी न्हाय म्हणलात तर म्या गप बसंन."

शिवकांतानं हाताला लागलेला भुसा झटकला. मग तिनं विचारलं, "एकशे अठरा? कुणी मोजली?"

"कॉम्प्युटरनं."

"म्या कवा मोजलीच न्हायती." तिच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला की यास्मिनला आपण कशासाठी आलो ते क्षणभर विसरायला झालं. "ह्यांना वाटतंय म्या दुपारची झोपते. बत्तीस वर्षं झाली लग्नाला, भाभी. दुपारी म्या कवाच झोपले न्हाय."

यास्मिननं तिला नाव दुरुस्तीचं आणि सहा आकड्यांचं सांगितलं. शिवकांतानं तपासणी किती वाजता ते विचारून घेतलं आणि सूप परत मांडीवर ओढलं.

सोमवारी उघडीप होती. जिल्ह्याहून निरीक्षक आले. चष्मेवाले, सौम्य, लवकर परत जायच्या विचारातले. सिद्धलिंगनं हार घातला, चहा पाजला आणि बावीस सह्यांचा अर्ज पुढं केला. अर्जात पहिलीच ओळ त्याची होती, की मी अध्यक्ष असून आजपर्यंत या वाचनालयातून एकही पुस्तक नेलेले अथवा वाचलेले नाही, यावरून इतर सभासदांची कल्पना यावी. दारात माणसं जमली होती. त्यांच्या मागं, रस्त्याच्या कडेला, दहा-बारा बायका उभ्या होत्या, आणि कमलबाई त्यांच्यात व्यंकटच्या दंडाला धरून उभी होती.

साहेबांनी अर्ज वाचला, बाजूला ठेवला आणि यास्मिनला सर्वाधिक वाचन करणाऱ्यांची यादी काढायला सांगितली. तिनं दोन ठिकाणी बाण नेला. या वेळी बाण जिथं हवा तिथंच गेला. यादी उघडली. साहेबांनी चष्मा सारखा केला.

"अध्यक्ष, तुमचाच पहिला नंबर आहे. एकशे अठरा पुस्तकं. तालुक्यात कुणाची नसतील."

कुणीतरी हसलं. सिद्धलिंग पडद्याकडं वाकला आणि तसाच राहिला. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. साहेब अनुभवी होते, खेड्यांतून फिरलेले. काय प्रकार आहे ते त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी सगळ्यांना सोयीचा रस्ता काढला. म्हणाले की पुस्तकं फिरतायत, घरात वाचली जातायत, आकडे उत्तम आहेत. कुटुंबप्रमुखाच्या नावावर आहेत तर राहू देत, कुणाचं काय बिघडतं? अर्ज मागं घ्या, मी मान्यता कायम म्हणून लिहितो. सिद्धलिंगनंही मान हलवली. एकशे अठरा पुस्तकं वाचलेला अध्यक्ष, हे त्याला तेवढ्यात बरं वाटायला लागलं असावं. हॉटेल काय, पुढं कधीतरी बघता आलं असतं.

यास्मिनचं काम झालं होतं. खोली राहिली, नोकरी राहिली, सात घरांचा कापूसही बहुतेक परत आला असता. तिनं फक्त बरं म्हणायचं होतं.

"न्हाय साहेब," ती म्हणाली. "ही पुस्तकं ह्यांनी वाचलेली न्हाईत. ह्यांनी सही करून तसं लिहून दिलंय. एकोणीस वर्षं म्या दुसऱ्याचं नाव लिहित आले. आता लिहायची न्हाय. नाव दुरुस्ती करू द्या, न्हायतर बोगस म्हणून लिहा अन् मान्यता काढा."

साहेबांनी कपाळाला हात लावला. सिद्धलिंग म्हणाला की बाईचं डोकं फिरलंय. इतक्यात दारातली माणसं बाजूला झाली, कारण शिवकांता आत येत होती. तिच्यासमोर तंबाखू मळत बसायची कुणाची छाती नव्हती. हातात पुस्तक होतं, कव्हर न घातलेलं, सगळ्यांना दिसेल असं. ती नवऱ्यासमोरच्या खुर्चीवर बसली. गावात कुणी तिला त्याच्यासमोर खुर्चीवर बसलेलं पाहिलं नव्हतं.

"घाल माझं नाव, भाभी," ती म्हणाली.

यास्मिननं सिद्धलिंगचं पान उघडलं, खाली गेली, त्याचं नाव पुसलं आणि शिवकांता असं भरलं. सिद्धलिंगच्या खिशात मोबाईल वाजला. त्यानं तो काढला आणि हातात धरून ठेवला.

"आकडे सांगा, अण्णा," यास्मिन म्हणाली.

त्यानं मोबाईल मुठीत आवळला. बाहेरून एक ट्रॅव्हल्स हॉर्न वाजवत गेली. मग शिवकांता बोलली, आवाज न चढवता. "तुमीच लिवलंय, म्या एकबी पुस्तक वाचलं न्हाय म्हणून. खरं लिवलंय. तर मग जे तुमचं न्हाय ते कशापायी धरून बसलाव?"

सिद्धलिंगनं साहेबांकडं बघितलं. साहेब अर्जाची घडी घालत होते. त्यानं दाराकडं बघितलं, तर बावीस जणांपैकी एकही त्याच्या नजरेला नजर देईना. त्यानं घसा खाकरला.

"चार," तो म्हणाला. "सात. सात. एक." प्रत्येक आकड्याला थांबत होता. "नऊ." शेवटच्या आकड्याला त्यानं मोबाईल खाली घेतला.

शिवकांतानं हात लांब करून मोबाईल त्याच्या हातातून काढून घेतला, डोळ्यांजवळ धरला आणि शेवटचा आकडा स्वतः वाचला. यास्मिननं बटण दाबलं. पडद्यावरचं चाक फिरलं, थांबलं, आणि यादीत सगळ्यांत वर शिवकांताचं नाव आलं. समोर एकशे अठरा.

यास्मिननं घट्टा पडलेला अंगठा पदराला पुसला आणि दाराकडं मान वळवली. "व्यंकटराव, मोबाईल घेऊन पुढं या," ती म्हणाली. "कमलबाई, तुमी बसा खुर्चीवर."